दोन्हीकडचा माणूस

मोहनराव खानझोडे इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या ज्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करतात, तिथे त्यांचं आडनाव कुणाला धड उच्चारता येत नाही. त्यांना त्याचं काही वाटतही नाही. पण रेडिंग, वोकिंगहॅम, स्लाव या पट्ट्यातल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन विचारा. गणपतीत मंडपाच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला 'पोरगी काय करते तुमची, बाप्पा?' असं नागपुरी हेल काढून विचारणारा, पोट सुटलेला, डाव्या गुडघ्यात जरा लचकणारा माणूस म्हणजे खानझोडे. स्थळं सुचवणारे खानझोडे. इथे अॅप आहेत, वेबसाइटी आहेत, सगळं आहे, तरी आयांना अजून खानझोडेच लागतात.

हा धंदा नव्हे, वारसा. नागपुरात त्यांचे वडील हेच करत, तेही फुकट. वडिलांचे नियम कडक होते. मध्यस्थ मुलाकडचा नसतो आणि मुलीकडचाही नसतो, तो दोन्हीकडचा असतो. दुसऱ्या घराबद्दल वाईट बोलायची वेळ आलीच, तर आधी चार जणांकडे चौकशी करावी आणि मग तोंड उघडावं. एकदा शब्द झाला, सुपारी फुटली, की बाकीच्या स्थळांना त्याच दिवशी नकार कळवावा, कुणाला आशेवर टांगून ठेवू नये. आणि ठरलेलं फिसकटलं, तर बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून जायच्या आत मध्यस्थाने स्वतः त्या उंबऱ्यात उभं राहावं आणि काय ऐकून घ्यायचं ते ऐकून घ्यावं. मोहनरावांनी हे नियम विमानात बसताना बरोबर आणले, लोणच्याच्या बरणीसारखे, आणि इतकी वर्षं ते टिकलेही. नासले ते फुटबॉलमुळे.

फुटबॉल त्यांचं जुनं वेड. कॉलेजात असताना ते लेफ्ट बॅक खेळायचे, गुडघा तिथेच गेला. इथे आल्यावर रविवार सकाळी मुलींच्या लीगमध्ये शिट्टी वाजवायला जाऊ लागले. थंडीत नाक गळतंय, पाऊस भुरभुरतोय, आणि हा गृहस्थ बारा वर्षांच्या पोरींच्या मागे लंगडत पळतोय. त्यांची बायको आसावरी म्हणायची, पेन्शनीची वेळ आली, आता तरी मैदान सोडा. ते हसायचे.

तिथे त्यांना गॅरीने हेरलं. गॅरी म्हणजे वेस्टमूर कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल प्रोग्रॅमचा हेड कोच. वेस्टमूर हे ब्रॅकनेलजवळचं सिक्स्थ फॉर्म कॉलेज, म्हणजे आपली अकरावी-बारावी. सकाळी अभ्यास, दुपारी फुटबॉल. गेली काही वर्षं देशातला कप तेच उचलतायत, त्यामुळे अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांचे कोच तिथे मुली बघायला येतात आणि आवडली तर स्कॉलरशिप देऊन घेऊन जातात. म्हणून वेस्टमूरच्या पहिल्या टीममध्ये जागा मिळणं म्हणजे मुलीचं नशीब उघडणं. इंग्लंडच्या बायकांनी युरोपचा कप आणल्यापासून तर प्रत्येक गल्लीतल्या मुलीला तिथे जायचंय.

आणि मग सुरू होते ती भरती. भरती म्हणे! पंधरा वर्षांची पोर, अजून तिच्या दातांवर तारा, आणि चाळिशीचे बाप्ये तिला 'हाय सुपरस्टार' म्हणून मेसेज टाकतायत, वाढदिवसाला सगळ्या टीमचा व्हिडिओ पाठवतायत, नाव कोरलेले बूट धाडतायत. शाळेच्या मॅचला जाळीबाहेर चार कॉलेजांचे चार जण छत्र्या घेऊन उभे, आंबा उतरायच्या आधी बागेत व्यापारी येऊन उभे राहावेत तसे. एकमेकांना 'ऑल राइट, मेट' म्हणायचं आणि पाठ वळली की दुसऱ्याच्या कॉलेजच्या नावाने खडे फोडायचे. तिथे कपडे बदलायला जागा नाही, त्यांच्या फिजिओला काही येत नाही, तो कोच पितो. मोहनरावांना हे पहिल्यांदा दिसलं तेव्हाच खटकलं होतं. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं माणसाने.

पण गॅरी गोड बोलायचा. त्याची अडचण अशी होती की आपल्या घरांतल्या मुली खेळतात उत्तम, आणि सोळावं लागलं की घरचे म्हणतात, पुरे आता, डॉक्टर व्हा. त्या आज्यांना पटवायला गॅरीला कुणीतरी हवं होतं. 'यू आर ग्रेट विथ द नॅन्स', आज्यांशी तुझं मस्त जमतं, असं तो मोहनरावांना म्हणाला आणि त्यांच्या अंगावर गडद हिरवं जाकीट चढवलं. छातीवर कॉलेजचं चिन्ह, खाली 'कम्युनिटी रिक्रूटर'. पगार नाही, पेट्रोल तेवढं मिळायचं. मोहनराव ते जाकीट घालून भाजी आणायलाही जाऊ लागले. खोटं कशाला बोला, माणूस सुखावला होता. ऑफिसात इतकी वर्षं घासली, कुणी छातीवर काही लावलं नव्हतं.

तनू देवस्थळी त्यांना रविवारच्या लीगमध्येच दिसली. डाव्या पायाची, डाव्या बाजूने धावणारी, आणि चेंडू गेला तर रडत न बसता परत हिसकायला जाणारी. वोकिंगहॅमला घर. आईवडील विनय आणि श्रद्धा दोघंही नोकरीत गळ्यापर्यंत बुडालेले. घरात शब्द चालायचा तो आजीचा, यमुनाबाईंचा. हे घर मोहनरावांच्या चांगल्या ओळखीचं, कारण तनूचा मोठा भाऊ पुष्कर लग्नाचा होता आणि यमुनाबाईंनी त्याच्यासाठी स्थळ बघायचं काम मोहनरावांवरच सोपवलं होतं. 'तुम्ही आणाल ते डोळे मिटून बघू' असं त्या म्हणाल्या होत्या. या एका वाक्यावर मोहनराव महिनाभर खूश होते.

तनूवर दोन कॉलेजांचा डोळा होता. एक वेस्टमूर. दुसरं बेसिंगस्टोकच्या बाजूचं हॉथर्नली, तिथली कोच अॅलिसन नावाची बाई. ती कमी बोलायची, बूट नाही की व्हिडिओ नाही. एकदा घरी आली, चहा घेतला, तनूच्या उजव्या पायावर काय काम करावं लागेल ते सांगितलं आणि निघून गेली. यमुनाबाईंना ती जरा रुक्ष वाटली. तनूला आवडली.

मग मोहनराव गॅरीला घेऊन गेले. पाहण्याचा कार्यक्रमच होता तो, दुसरं काय म्हणायचं! पोहे झाले, वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरली गेली. गॅरीने शेंगदाणे बाजूला काढत पोहे खाल्ले, 'अमेझिंग' म्हणाला आणि वेस्टमूर म्हणजे कॉलेज नाही, फॅमिली आहे, असं तीन-तीनदा सांगितलं. पहिल्या टीमची डावी बाजू तनूची, मी स्वतः तिला अमेरिकेपर्यंत पोचवतो, असंही म्हणाला. जाता येता गाडीत त्याने मोहनरावांना सहज म्हणावं तसं सांगून ठेवलं, की अॅलिसन काही सप्टेंबरपर्यंत टिकत नाही, सगळ्यांना माहीत आहे, आजींच्या कानावर घाल.

आणि मोहनरावांनी घातलं. चार जण सोडा, एकालाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा देवस्थळ्यांकडे जाऊन सांगितलं, की त्या बाईचं काही खरं नाही, ती जाणार म्हणतात, पोरगी मधल्या मध्ये लटकेल. वडिलांचा नियम त्यांच्या डोक्यात आला नव्हता असं नाही. आला होता, पण अंगात जाकीट होतं.

यमुनाबाईंनी हातावर साखर ठेवली. ठरलं म्हणाल्या. मोहनराव लगेच सरसावून बसले आणि म्हणाले, आता त्या अॅलिसनबाईंना आजच नकार कळवा. तनू चपापली. तिच्या टीममधल्या सगळ्या पोरींनी दोन-दोन, तीन-तीन कॉलेजांना हो म्हणून ठेवलं होतं, ऑगस्टमध्ये निकाल लागेपर्यंत कुणी कुणाला काही कळवत नाही, सगळे तसंच करतात, असं ती इंग्रजी-मराठीची खिचडी करून सांगू लागली. मोहनराव म्हणाले, "ते त्यांच्यात. आपल्यात शब्द दिला म्हणजे दिला. दुसऱ्याला आशेवर ठेवणं चांगलं नाही, बेटा." यमुनाबाईंनी मान डोलावली. तनूने तिथल्या तिथे फोन लावला, अॅलिसनला नाही म्हणाली, थँक यू म्हणाली आणि वर निघून गेली. मोहनरावांना वाटलं, लाजली.

फुटबॉलच्या या बाजारात असा फोन करणारे ते बहुधा पहिलेच लोक. याला चांगुलपणा म्हणायचा की बावळटपणा, ते तुम्हीच ठरवा.

ऑगस्ट आला. निकाल लागला, तनूला उत्तम ग्रेड मिळाले, यमुनाबाईंनी मोहनरावांना पेढे पाठवले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारच्या जेवणाला ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून मोहनराव फोन चाळत होते. समोर गॅरीचा फोटो. अंगात जांभळा ट्रॅकसूट, गळ्यात जांभळा स्कार्फ, अंगठा वर. सरे परगण्यातल्या कुठल्याशा किंग्जवुड कॉलेजचा नवा हेड कोच. खाली लिहिलेलं, या फॅमिलीत सामील होताना खूप आनंद होतोय. मोहनरावांच्या हातातल्या अंड्याच्या सँडविचचा वास एकदम नाकात गेला आणि त्यांनी ते तसंच ट्रेमध्ये ठेवलं.

त्यांनी गॅरीला फोन लावला. तो हसत बोलला. सांगायचं राहिलंच म्हणे, फार धावपळीचा आठवडा होता. मोहनरावांनी विचारलं, तनूचं काय? तर तिकडे त्याला डाव्या बाजूची गरजच नव्हती. हॉथर्नलीची मुलगी उचलली होती त्याने, अॅलिसनच्या नाकाखालून, आणि हे सांगताना त्याला इतका आनंद होत होता की फोनमधून तो ऐकू येत होता. मोहनराव म्हणाले, अॅलिसन जाणार असं तूच सांगितलं होतंस. गॅरी म्हणाला, म्हटलं असेन, लोक काहीही म्हणतात. आणि वर लगेच, वेस्टमूरच्या त्या कॅप्टनचे आईबाप तुझ्या ओळखीचे ना, त्यांना जरा इकडे वळव की.

ताकापुरती आजी म्हणतात ना, ती ही. मोहनरावांनी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात हिरवं जाकीट दिसलं, ऑफिसातही तेच घालून बसले होते. त्यांना स्वतःची किळस आली.

वडिलांच्या नियमाप्रमाणे त्याच संध्याकाळी देवस्थळ्यांच्या दारात जायला हवं होतं. ते गेले नाहीत. त्यांनी मनाशी हिशेब मांडला, की रिकाम्या हाताने कसं जायचं? आधी नव्या कोचला भेटू, तनूची जागा पक्की करू, मग जाऊ, म्हणजे वाईट बातमीबरोबर चांगलीही देता येईल. माणूस भित्रा झाला की त्याला अशी शहाणी कारणं सुचतात.

नवा कोच येईपर्यंत आठवडा उलटला. त्याचं नाव क्रेग. तरुण, दाढी कोरलेली, हातात लॅपटॉप. गॅरीच्या माणसांपैकी कुणीच उरलं नव्हतं. फिजिओ नवी, गोलकीपिंगचा कोच नवा, भिंतीवरचे फोटो काढलेले, त्यांचे पांढरे चौकोन तेवढे मागे राहिलेले. क्रेगने आपल्या जुन्या कॉलेजातल्या निम्म्या मुली बरोबर आणल्या होत्या. मोहनरावांनी तनूचं नाव काढलं, तेव्हा त्याने स्क्रीनवर बोट फिरवत म्हटलं, हो, चांगली आहे, डेव्हलपमेंट स्क्वॉडमध्ये बघू.

डेव्हलपमेंट स्क्वॉड म्हणजे काय हे मोहनरावांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या टीमचा सराव झाला की शंकू गोळा करायचे, आठवड्यातून एकदा चिखलातल्या मैदानावर कुणाशीतरी खेळायचं, आणि अमेरिकेचे पाहुणे आले की कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. दोन वर्षं अशी गेली की संपलं. त्यांनी क्रेगला सांगितलं, की या घराला शब्द दिलाय. आम्ही दुसऱ्या कॉलेजला त्याच दिवशी नाही म्हणालो.

क्रेगने पहिल्यांदाच लॅपटॉपवरून नजर उचलली. त्याला खरंच समजलं नव्हतं. "व्हाय वुड यू डू दॅट?" त्याने विचारलं. म्हणजे असं का केलंत, कोण करतं असं!

कुत्सितपणा नव्हता त्यात, तेच जास्त लागलं. त्याच्या लेखी, हातातली दुसरी ऑफर सोडणारा माणूस हा गाढव. आणि शब्द दिला होता तो गॅरीने दिला होता, गॅरी गेला, त्याच्याबरोबर शब्दही गेला, संपलं. बिलाच्या पावतीवरही जास्त दिवस गॅरंटी असते हो! मोहनरावांना त्या खोलीत गुदमरायला झालं. नव्या रंगाचा वास, नव्या कार्पेटचा वास, आणि तो माणूस खोक्यातून नवं जाकीट काढून त्यांच्यापुढे धरतोय. या खेपेला निळं. छातीवर 'टॅलेंट पार्टनर'. मोहनरावांनी ते घेतलं. हात आपोआप पुढे गेला. गाडीपाशी आल्यावर डिकी उघडून त्यांनी ते आत फेकलं, जुन्या चिखलाच्या बुटांवर.

घरी आल्यावर त्यांनी आसावरीला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी थांबली नाही. म्हणाली, जा, आत्ताच जा, आणि ते जाकीट काढून जा. मोहनराव म्हणाले, आधी फोन करून विचारतो. तेव्हा मात्र तिने वर बघितलं. मामंजींनी कधी फोन करून विचारलं होतं का, एवढंच म्हणाली. मोहनरावांनी साधा करडा स्वेटर चढवला आणि निघाले.

यमुनाबाईंनीच दार उघडलं. या म्हणाल्या, बसा म्हणाल्या, पाणी आणून ठेवलं. सोफ्यावर एक कापडी पिशवी होती, नीट घडी केलेली. मोहनरावांनी एका दमात सांगायला सुरुवात केली, गॅरी गेला, नवा माणूस आला, जागा राहिली नाही, चूक माझी. यमुनाबाईंनी मध्येच हात वर केला.

"आम्हाला कळलं होतं. तनूने त्याच दिवशी फोनवर फोटो दाखवला. म्हटलं, खानझोडे येतील आज. मग म्हटलं, उद्या येतील." त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "आठवडा झाला."

मोहनरावांना वडिलांचा चेहरा आठवला असेल, नसेल. शिव्या खायची तयारी करून माणूस आला होता आणि शिव्याही मिळत नव्हत्या.

तनू जिन्यावरून खाली आली, बॅग खांद्यावर, पायात ट्रेनर्स. रागावलेली दिसत नव्हती, घाईत होती. मोहनरावांना बघून थबकली. यमुनाबाईंनीच तिला सांगितलं होतं, की आपण नाही म्हणताना सरळ फोन केला होता, आता विचारायचंय तर तेही सरळ फोन करूनच विचार, त्यात लाज कसली. आणि तिने विचारलं होतं.

"मी अॅलिसनला फोन केली, काका," तनू म्हणाली. "ती म्हणाली, इतक्या वर्षांत नाही सांगायला फोन करणारी मी एकटीच. बाकी सगळे फक्त गायब होतात. तिची लेफ्ट विंगर गॅरीने नेली ना, म्हणून जागा आहे. आज ट्रायल आहे."

मोहनरावांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोरीचं वर्ष वाचलं होतं. वडिलांच्या त्या खुळचट म्हणाव्या अशा नियमानेच वाचलं होतं. ते उठून उभे राहिले आणि भरभर बोलू लागले, मी सोडतो ना तिला बेसिंगस्टोकला, गाडी आहेच, अॅलिसनबाईंशी दोन शब्द बोलतो, मुलगी किती गुणी आहे ते सांगतो.

तनूने आजीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, की तेव्हा नाही का म्हणालीस असं अॅलिसनने विचारलं, तर ती कॉलेज सोडणार असं ऐकलं होतं हे सांगावं लागलं, मग तिने विचारलं, कुणी सांगितलं. "मी खोटं नाही बोलू शकले, काका. ती कुठेच जाणार नव्हती." तिला वाईट वाटत होतं, स्पष्ट दिसत होतं. बाहेर श्रद्धाच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि ती बाय करून पळाली.

दार लागलं. यमुनाबाईंनी सोफ्यावरची पिशवी उचलून मोहनरावांच्या हातात दिली. आत गॅरीने दिलेली हिरवी जर्सी होती, पाठीवर तनूचं नाव, आणि त्यानेच धाडलेले बूट, न वापरलेले. स्थळ मोडलं की दिलेलं घेतलेलं परत करायचं, ती रीत. मोहनराव रीत ओळखत होते. पिशवी घेऊन त्यांनी नमस्कार केला. दाराशी आले, तेव्हा यमुनाबाई मागून म्हणाल्या, अगदी हलक्या आवाजात, जणू दुधाचा रतीब बंद करायला सांगतायत,

"आणि पुष्करसाठी तुम्ही स्थळं बघत होता ना. ते आता राहू द्या."

बस, एवढंच. एवढ्याशा वाक्याने माणूस पुरता संपला. फुटबॉलचं काय घेऊन बसलात, ते गेलं तर गेलं, रविवार मोकळा झाला. पण हे त्यांचं होतं. हे वडिलांकडून आलेलं होतं. उद्या यमुनाबाई कुणापाशी काही बोलणार नाहीत, त्या तशा बाई नाहीत. पण गणपतीत कुणी विचारलं, पुष्करचं खानझोडे बघतायत ना, तर त्या फक्त नाही म्हणतील, आणि ऐकणारी बाई बाकीचं समजून जाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मोहनराव गाडीत बसले. चावी लावायच्या आधी फोन वाजला, क्रेगचा मेसेज. लंडनजवळ पिनरला एक मराठी फॅमिली आहे, मुलगी भन्नाट गोलकीपर, किंग्जवुडवाले मागे लागलेत, आजी लीलावती, तिला आपल्या माणसाशी बोलायचंय. नंबर खाली. आणि मग तेच वाक्य, गॅरीच्या तोंडचं जसंच्या तसं, यू आर ग्रेट विथ द नॅन्स. शेवटी अंगठा.

मोहनरावांनी काच खाली केली, थोडी हवा घेतली. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेलं उष्टं वाक्य आणि त्यात आपण, या विचाराने त्यांचा जीव विटला. मेसेज पुसून टाकावा आणि घरी जावं, असंच कुणीही म्हणालं असतं. मोहनरावांनी अंगठ्याने तो नंबर दाबला.

लीलावतीबाईंचा आवाज खणखणीत होता. वेस्टमूरचं नाव निघताच खुलल्या, या ना घरी म्हणाल्या, पोहे करते, समोरासमोर बोलू, आमच्या मीनाक्षीचं एकदाचं ठरवून टाकू. मोहनरावांनी त्यांना बोलू दिलं. मग ते म्हणाले,

"मावशी, येत नाही मी. एक ऐका फक्त. कुणालाही शब्द देऊ नका. वेस्टमूरला नाही, किंग्जवुडला नाही. सगळ्यांना हो म्हणा आणि कॉलेज सुरू होईपर्यंत सगळ्यांना टांगून ठेवा. कोच गोड बोलला तर बोलू द्या. आणि मध्ये कुणी आपला माणूस आला, मराठी बोलणारा, जाकीट घातलेला, तर त्याच्यावर तर मुळीच विसंबू नका."

बोलता बोलताच त्यांना जिभेवर कडू चव आली. ज्या गोष्टीसाठी त्यांच्या वडिलांनी माणसांना उंबऱ्यावरून परत पाठवलं असतं, ती गोष्ट ते एका आजीबाईंना शिकवत होते, आणि ती बरोबर होती.

लीलावतीबाई गोंधळल्या. पलीकडे कुकरची शिट्टी वाजली. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही कुणाकडचे? कॉलेजकडचे की आमच्याकडचे?"

मोहनरावांना याचं उत्तर लहानपणापासून पाठ होतं. ते ओठांवर आलंही.

"आता कुणाकडचाच नाही," ते म्हणाले. "म्हणून खरं सांगतोय."

त्यांनी फोन ठेवला, जर्सीची पिशवी बाजूच्या सीटवर सरकवली आणि गाडी सुरू केली.